लंग कॅन्सरच्या ट्रायल्समध्ये सीआरसी म्हणून काम करायचंय? माझा अनुभव

बी.फार्म, बीएचएमएस, बीडीएस, मायक्रोबायोलॉजी असं काहीही करून क्लिनिकल रिसर्चमध्ये यायचं ठरवलेल्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, ताई कोणता कोर्स करू? मी बी.फार्मनंतर पीजी डिप्लोमा केला आणि मुंबईत एका हॉस्पिटलच्या ऑन्कोलॉजी साइटला सीआरसी म्हणजे स्टडी कोऑर्डिनेटर म्हणून लागले, तेव्हापासून माझं बहुतेक काम फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ट्रायल्सवरच आहे. कोर्स केला तर चांगलंच आहे, पण नोकरीची गॅरंटी देणाऱ्या महागड्या क्लासला पैसे भरण्याआधी तीन गोष्टी नीट वाचा: जीसीपीच्या म्हणजे ट्रायल नीट आणि प्रामाणिकपणे कशी चालवायची याच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्स (आयसीएच ई६, त्याचं नवीन आर३ व्हर्जन २०२५ मध्ये आलंय), आपल्याकडचे २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, आणि आयसीएमआरच्या २०१७ च्या एथिकल गाइडलाइन्स. तिन्ही नेटवर फुकट आहेत आणि इंटरव्ह्यूत प्रश्न तिथूनच येतात.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आजार समजून घ्या. नुसतं फाईल भरायला येणाऱ्याला हे काम सहा महिन्यांत कंटाळवाणं वाटायला लागतं, आणि ज्याला आजार कळतो त्याला त्याच फाईलमध्ये गोष्ट दिसते.

गेफिटिनिब या लंग कॅन्सरच्या गोळीचंच बघा. अमेरिकेत ही गोळी २००३ मध्ये मंजूर झाली तेव्हा ती कुणाला लागू पडते आणि कुणाला नाही हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, काही पेशंटची गाठ झपाट्याने लहान व्हायची आणि बाकीच्यांना काहीच फरक नाही. २००४ मध्ये गाठीच्या पेशींतल्या ईजीएफआर जीनमधलं म्युटेशन म्हणजे बदल सापडला आणि मग २००९ ची आयपास ट्रायल, पूर्व आशियातले १२१७ पेशंट, बहुतेक कधीच सिगरेट न ओढलेले. ज्यांच्यात म्युटेशन होतं त्यांच्यात गोळी केमोपेक्षा सरस ठरली आणि ज्यांच्यात नव्हतं त्यांच्यात उलट केमोच बरी ठरली, म्हणजे टेस्ट न करता गोळी दिली तर नुकसान होऊ शकतं हे आकड्यांत दिसलं. आज आपण बायोप्सीचा ब्लॉक ईजीएफआर, एएलके, पीडी-एल१ या औषध निवडायला लागणाऱ्या टेस्टसाठी पाठवतो आणि रिपोर्ट येईपर्यंत घरचे रोज फोन करतात, त्या थांबण्यामागे हा सगळा इतिहास आहे. तो तुम्हाला माहीत असला की घरच्यांना समजावताना आवाजात खात्री येते.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेली ट्रायल जरूर वाचा, २०२० मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीत छापून आली. ईजीएफआर म्युटेशन असलेले ३५० पेशंट, निम्म्यांना नुसती गेफिटिनिब, निम्म्यांना गेफिटिनिबबरोबर पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लाटिनची केमो. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. पण गंभीर साइड इफेक्टही २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले, आणि हा दुसरा आकडा लोक सांगायचा विसरतात. पुढे २०२३ मध्ये ओसिमर्टिनिब (ईजीएफआरवरचीच नवी गोळी) आणि केमो एकत्र देणाऱ्या फ्लॉरा-२ ट्रायलमध्येही हीच दिशा दिसली. मला याचा मनापासून अभिमान वाटतो, की आपल्या ओपीडीत, आपल्या गर्दीत, परवडणारं जेनेरिक ज्याचं मिळतं अशा औषधावर जगाला उपयोगी पडेल असा प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तरही मिळालं.

आता हे १६ महिने आणि ५१ टक्के येतात कुठून? ते येतात सीटी स्कॅनच्या मोजमापातून आणि आपण पेशंटला विचारलेल्या प्रश्नांतून. मोजमापाचा नियम म्हणजे रेसिस्ट १.१, शरीरात जास्तीत जास्त ५ गाठी निवडायच्या, एका अवयवात २ पेक्षा जास्त नाहीत, त्यांची बेरीज ३० टक्क्यांनी कमी झाली तर पार्शल रिस्पॉन्स (औषधाचा काही प्रमाणात उपयोग) आणि सगळ्यात कमी बेरजेपेक्षा २० टक्क्यांनी आणि किमान ५ मिमीने वाढली तर प्रोग्रेशन, म्हणजे आजार वाढला. हे काम रेडिओलॉजिस्ट करतात, पण स्कॅन ठरलेल्या विंडोमध्ये म्हणजे ठरलेल्या तारखांच्या आत झालाय का हे बघणं आपलं. दिवाळीत गावाला गेलेला पेशंट चार आठवडे उशिरा स्कॅनला आला तर प्रोग्रेशनची तारीखच सरकते. म्हणून सण, लग्नसराई, पेरणी हे सगळं पेशंटच्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवायचं.

साइड इफेक्ट विचारणं ही मात्र पूर्ण आपली कला. ‘काका, कसं वाटतंय’ असं विचारलं की ‘बरंय’ असंच उत्तर येतं, कारण त्यांना भीती असते की त्रास सांगितला तर औषध बंद करतील. म्हणून नेमकं विचारायचं. काल दिवसभरात किती वेळा संडासला गेलात? औषध सुरू होण्याआधी किती वेळा जायचात? हा दुसरा प्रश्न पहिल्याच व्हिजिटला विचारून ठेवला नसेल तर ग्रेडिंग अडतं, कारण सीटीसीएईमध्ये म्हणजे साइड इफेक्टला ग्रेड द्यायच्या यादीत नेहमीपेक्षा किती वाढलं हे बघतात, ४ पेक्षा कमीने वाढलं तर ग्रेड १, ४ ते ६ ने वाढलं तर ग्रेड २, ७ किंवा जास्त म्हणजे ग्रेड ३. अंगावर पुरळ, नखांच्या कडेला सूज, तोंड येणं, हे बघून विचारायचं. आणि गोळीवरच्या पेशंटने नवीन कोरडा खोकला किंवा दम लागतोय म्हटलं तर पुढच्या व्हिजिटपर्यंत थांबू नका, त्याच मिनिटाला डॉक्टरांना सांगा, फुप्फुसाला सूज येणं हा या औषधांचा दुर्मिळ पण जीवघेणा परिणाम आहे. पेमेट्रेक्सेड असेल तर फॉलिक ॲसिडची गोळी रोज चालू आहे का, बी१२ चं इंजेक्शन दर ९ आठवड्यांनी झालंय का हेही बघायचं, पेशंटला ती साधी व्हिटॅमिनची गोळी वाटते आणि तो ती सोडून देतो.

कन्सेंटबद्दल थोडं जास्त लिहिते कारण नवीन मुलं इथेच सगळ्यात जास्त गोंधळतात. आपल्याकडे बरेच पेशंट आधी काही महिने टीबीची औषधं घेऊन आलेले असतात, थकलेले, पैसे संपत आलेले, आणि बरोबरचा मुलगा दारातच बाजूला घेऊन सांगतो, ‘मॅडम, बाबांना कॅन्सरचं सांगू नका, ते खचतील.’ त्याच्यावर रागावू नका, तो प्रेमानेच बोलतोय. पण ज्याला स्वतःचा आजार माहीत नाही त्याची सही घेणं म्हणजे कन्सेंट नव्हे, यात तडजोड नाही. मी अशा वेळी फॉर्म बाजूला ठेवते, पीआय सरांना, म्हणजे ट्रायलच्या मुख्य डॉक्टरांना सांगते, ते आधी घरच्यांशी आणि मग पेशंटशी बोलतात. सुरुवात साध्या प्रश्नाने होते, ‘काका, डॉक्टरांनी आजाराबद्दल काय सांगितलंय तुम्हाला?’ आणि खूपदा काकांना सगळं कळलेलं असतं, तेच मुलाला त्रास नको म्हणून गप्प बसलेले असतात.

मग समजावून सांगायचं की दोनपैकी कोणती ट्रीटमेंट मिळेल ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरही निवडू शकत नाहीत, नाही म्हटलंत तरी इथली नेहमीची ट्रीटमेंट मिळणारच, आणि मधेच कधीही बाहेर पडता येतं. फॉर्म घरी नेऊ द्या, एक रात्र जाऊ द्या. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो, तो आपल्या टीममधला चालत नाही. तारीख पेशंटनेच घालायची आणि सही केलेली कॉपी त्याच्या हातात द्यायची. घाईत घेतलेली सही मॉनिटरला (साइटचे कागद तपासायला येतो त्याला) सापडतेच, पण मुख्य म्हणजे असा पेशंट दुसऱ्या सायकलनंतर येतच नाही.

एसएई म्हणजे गंभीर घटना (ॲडमिट होणं, मृत्यू वगैरे) कळवायचं घड्याळ २४ तासांचं असतं, आणि पेशंट रात्री गावच्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाला तर आपल्याला कळणार कसं? म्हणून पहिल्याच दिवशी सून, मुलगी, शेजारी, ज्याचा फोन लागतो त्याचा नंबर घ्या आणि सांगून ठेवा की ॲडमिट झालं की आधी मला कळवा. मुंबईत राहतात कुठे हेही विचारा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणारे असतात, नातेवाइकांच्या एका खोलीत राहणारे असतात, प्रवासखर्चाचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत तर त्यांची पुढची व्हिजिट चुकते. त्यामुळे ते व्हाउचर मी सगळ्यात आधी पुढे सरकवते, क्वेऱ्या, म्हणजे डेटाबद्दल आलेल्या शंका, संध्याकाळी सोडवता येतात.

कागदपत्रांचं थोडक्यात: व्हाइटनर कधीही नाही, चुकलं तर एक रेघ, सही, तारीख. जे घडलं ते त्याच दिवशी लिहा. लिहिलेलं नाही म्हणजे घडलंच नाही असं ऑडिटमध्ये धरतात.

आणि हो, पेशंट जातात. ॲडव्हान्स्ड लंग कॅन्सर आहे, आपण महिन्यांची भाषा बोलतो. सर्व्हायव्हल फॉलोअपचा फोन करायचा असतो आणि पलीकडून मुलगी सांगते की बाबा मागच्या आठवड्यात गेले. तारीख विचारावीच लागते, पण आधी ऐकून घ्या, तिला बोलायचं असतं. त्यानंतर लगेच दुसरा फोन करू नका, चहा घेऊन या, टीममधल्या कुणाशी तरी बोला.

पुढे सीआरए (म्हणजे मॉनिटर), प्रोजेक्ट मॅनेजमेंट, डेटा, रेग्युलेटरी असे रस्ते आहेत, पण साइटवर निदान दोन वर्षं काढा असं माझं मत आहे, पेशंट न पाहिलेला मॉनिटर लगेच ओळखू येतो. इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी सीटीआरआय म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या नोंदणीच्या साइटवर जा, लंग कॅन्सर सर्च करा, एक ट्रायल उघडा आणि इन्क्लुजन-एक्सक्लुजनची (कुणाला घ्यायचं, कुणाला नाही याची) यादी घेऊन प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारा. मेंदूचा एमआरआय का मागितलाय, पेमेट्रेक्सेड असेल तर क्रिएटिनिन क्लिअरन्स का बघतात, ओसिमर्टिनिबच्या आधी ईसीजीत क्यूटी का मोजतात. उत्तरं शोधायला दोन-तीन संध्याकाळी जातील. जिथे अडाल ती ओळ लिहून ठेवा आणि इंटरव्ह्यूत बिनधास्त विचारा, आमचे सर तरी असं विचारणाऱ्या मुलांनाच घेतात.