चंदगडचा इतिहास कसा शोधावा

सह्याद्रीच्या माथ्यावर, गोवा आणि कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. त्यामुळे त्याचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक साहजिकच प्रथम कोल्हापूर संस्थानच्या दप्तराकडे वळतो. तसे करू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा त्यातून केवळ चंदगड तालुका वगळून मुंबई राज्यात ठेवण्यात आला आणि पुढे तो कोल्हापूरला जोडला गेला. म्हणून कागदाच्या शोधाला लागण्यापूर्वी कोणत्या काळात गाव कोणाच्या अमलाखाली होते, याचा तक्ता तयार करावा. कोणते दप्तर कोठे पाहायचे हे त्या तक्त्यावरूनच ठरते.

ब्रिटिश काळासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८६ चा कोल्हापूर खंड नव्हे, तर १८८४ चा बेळगाव खंड आधी वाचावा. त्यातील लेखकाची दृष्टी महसूल अधिकाऱ्याची आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयात जायचेच आहे. परंतु तेथे चंदगडचा कारभार नव्हे, तर शेजारच्या संस्थानाचा त्या मुलुखाशी आलेला संबंध शोधावा. घाटाखालच्या सावंतवाडीकरांचे आणि पोर्तुगीजांचे व्यवहार समजून घेण्यासाठी पणजीच्या पुराभिलेखागाराला पर्याय नाही.

जुने कागद मोडीत असल्याने ती लिपी शिकल्यावाचून गत्यंतर नाही. खरी कसोटी लागते ती कालगणनेत. शक वर्षात साधारणपणे ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. जुन्या मराठी कागदांत वापरली जाणारी दुसरी कालगणना, सुहूर सन, मात्र अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो आणि मृगापासून सुरू होतो. ‘खमस सबैन व अलफ’ म्हणजे १०७५. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदासाठी त्यात ५९९ मिळवावेत, म्हणजे १६७४ येते, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. एवढी काळजी न घेतल्यास घटनांचा क्रमच उलटा लागतो आणि त्यावर रचलेली सारी मांडणी कोसळते.

परंपरेचे मोल कागदाहून कमी मानू नये, पण दोन्ही एकाच ओळीत मिसळूही नयेत. तालुक्यातील पारगडावर तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा किल्लेदार होते, असे तेथील घराणी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. अशी माहिती कोणी, कधी आणि कोणाकडून ऐकून सांगितली हे टिपून घ्यावे आणि मगच सनदांशी ताडून पाहावी. वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची, छायाचित्रे सकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावीत. अक्षरे उठून दिसावीत म्हणून दगडाला खडू, तेल वा शेंदूर लावणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

सर्वांत निकडीचे काम १९५६ च्या आठवणींचे आहे. त्या वेळी जाणते असलेले लोक आता अत्यंत वृद्ध झाले आहेत. त्यांच्याशी शक्यतो चंदगडी बोलीतच बोलावे आणि ‘सीमा बदलली तेव्हा काय वाटले?’ असे मोघम न विचारता कोर्टकचेरीसाठी, बाजारासाठी आणि पुढच्या शिक्षणासाठी कोठे जात होता, पुढे कोठे जावे लागले, सोयरीक कोणत्या गावांत होत असे, हे विचारावे. कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ असल्यामुळे जिल्हा बदलल्यावर रोजच्या जगण्यात काय बदलले, ते अशाच उत्तरांतून उलगडते.