रात्रीच्या दिव्यांचा स्थलांतरित पक्ष्यांवरील परिणाम कसा नोंदवावा

सातारा जिल्ह्यात पक्ष्यांची मोजणी बहुधा सकाळी, मायणी किंवा येरळवाडीच्या तलावाकाठी होते. परंतु अनेक लहान पक्षी, चिखलपायटे आणि बदके यांचा लांबचा प्रवास मुख्यतः रात्री होत असल्याने दिव्यांचा परिणाम अभ्यासणाऱ्याला रात्रीच बसावे लागते.

आधी एक उजेडाची आणि एक अंधाराची अशा दोन जागा निवडाव्यात. दोन्हींची उंची, झाडोरा आणि पाण्यापासूनचे अंतर शक्यतो सारखे असावे. सातारा शहर आणि कास पठार ही जोडी सहज सुचते, पण कास बरेच उंचावर असल्याने ती टाळलेली बरी. त्यापेक्षा साखर कारखान्याजवळचे एक गाव आणि त्याच माळावरचे, काही किलोमीटर दूरचे दुसरे गाव घ्यावे. मात्र गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे पाहुणे पक्षी येत असतानाच सुरू होतो. त्यामुळे कारखान्याचे दिवे लागण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदींचीच तुलना केली, तर ऋतूमुळे झालेली वाढ दिव्यांच्या खात्यावर जमा होईल. अंधाराच्या जागेवरील त्याच रात्रीची नोंद म्हणूनच अनिवार्य आहे.

पौर्णिमेच्या आगेमागे ट्रायपॉडवर दुर्बीण लावून चंद्रबिंबावरून जाणारे पक्षी मोजता येतात. अमेरिकेतील जॉर्ज लोवरी यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. चंद्र खाली असताना दृष्टी हवेच्या अधिक लांब पट्ट्यातून जाते, म्हणून दोन्ही जागी एकाच वेळी मोजावे. दिव्यांची ओढ ढगाळ आणि चांदणे नसलेल्या रात्री अधिक जाणवते, आणि तेव्हा चंद्राचा उपयोग नसतो; अशा वेळी गच्चीवर आकाशाकडे तोंड केलेला मायक्रोफोन आणि रेकॉर्डर ठेवावा. उजेडात पक्षी अधिक हाका मारतात, त्यामुळे हाका दुप्पट म्हणजे पक्षी दुप्पट, असा हिशेब करू नये.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ सोडल्या जाणाऱ्या प्रकाशझोतांवरील अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. झोत बंद करताच त्यांभोवती घिरट्या घालणारे पक्षी काही मिनिटांत पांगत असल्याचे त्यात दिसले. आपल्याकडे दिवे विझवण्याचा अधिकार अभ्यासकाला नसतो, परंतु वीज आपणहून जाते, आणि माझ्या मते आपल्या भागातील सर्वांत मोलाची नोंद हीच आहे. वीज गेल्याची आणि आल्याची वेळ मिनिटासह लिहावी, आणि जाण्यापूर्वीच्या व गेल्यानंतरच्या प्रत्येकी वीस मिनिटांतील हाका मोजाव्यात. जनरेटर सुरू झाला, तर त्याच्या आवाजात हाका बुडतात. तो भाग वगळावा. ढग, धुके आणि वारा यांची नोंद प्रत्येक तासाला करावी.

दिव्यांकडे ओढले गेलेले पक्षी जिथे आदळतात, अशा उंच इमारतींच्या काचांखाली आणि मनोऱ्यांच्या पायथ्याशी पहाटेच, कुत्री-मांजरे आणि कावळे पोहोचण्यापूर्वी, फेरी मारावी. मृत पक्षी आढळल्यास छायाचित्र घ्यावे, जागा टिपावी आणि वनविभागाला कळवावे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो परवानगीशिवाय घरी आणू नये. एकही पक्षी न सापडलेली पहाटसुद्धा तारखेसह वहीत लिहावी, कारण शून्याच्या नोंदी गाळल्या तर सरासरी फुगते.