समोरच्या स्टुलावर बसलेला माणूस

चेहरे रंगवण्याचे आणि जागेवर बसून अर्कचित्रे, म्हणजे चेहऱ्याची खासियत ताणून गंमत आणणारी चित्रे, काढण्याचे काम मी गेली बारा वर्षे करते आहे. या व्यवसायात येऊ पाहणारी मुले भेटली की त्यांचा पहिला प्रश्न ब्रश कोणता घ्यावा आणि कागद कोणता वापरावा, असाच असतो. त्याचे उत्तर मी देतेच, पण त्याआधी माझी एक फजिती सांगते.

माझ्या पहिल्याच मोठ्या कामात, एका लग्नाच्या संगीताच्या कार्यक्रमात, नवरदेवाच्या आई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांच्या हनुवटीखालची वळी मला इतकी सोयीची वाटली की तिच्याभोवतीच मी सगळे चित्र रचले. भोवती जमलेली मंडळी खळखळून हसली. त्या बाईही हसल्या, ‘छान आहे हं’ म्हणाल्या आणि उठल्या. कार्यक्रम संपल्यावर सामान आवरताना तो कागद मला एका खुर्चीवर उलटा ठेवलेला सापडला, चार घड्या घातलेला. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत वरची श्रेणी मिळवलेल्या माझ्या हाताने रेषेत काहीच चूक केली नव्हती. चूक इतकीच होती की मी त्यांच्याशी एक शब्दही न बोलता थेट कागदावर टेकले होते.

प्रत्येक माणसाजवळ स्वतःवर हसण्याची एक जागा असते आणि कोणी बोट ठेवलेले चालणार नाही अशीही एक असते. अर्कचित्रकाराला एका चेहऱ्यासाठी साधारण पाच मिनिटे मिळतात, म्हणजे तासाला दहा-बारा चेहरे, आणि त्यातले पहिले अर्धे मिनिट मी आता बोलण्यासाठीच राखून ठेवते. सुटीच्या दिवशी काय करता, घरी तुम्हाला कशावरून चिडवतात, एवढे दोन प्रश्न पुरतात. घरच्यांच्या चिडवण्याची गोष्ट माणूस हसत सांगू लागला की आपल्याला परवाना मिळाला असे समजावे, आणि तो विषय टाळू लागला तर चित्रातली गंमत चेहऱ्यावरून काढून त्याच्या छंदाकडे न्यावी. चहाच्या वेडापायी किटलीवर स्वार झालेले काका कोणालाही आवडतात. शिवाय अतिशयोक्ती म्हणजे मोठे नाक आणखी मोठे करणे, ही समजूत लवकर सोडून द्यावी. दोन डोळ्यांमधले अंतर, नाकाखालची जागा आणि कपाळाची उंची यांचे एकमेकांशी असलेले नाते ताणले की चेहरा ओळखू येतो आणि बोचतही नाही.

हे शिकायला मराठी माणसाला दूर जावे लागत नाही. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांची शब्दांवाचून हसवणारी मुखपृष्ठे आणि शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतली त्यांची चित्रे शांतपणे न्याहाळली, तरी कोणालाही ओरबाडल्याशिवाय विनोद कसा उभा राहतो हे कळते. ती अर्कचित्रे नव्हेत हे मान्य, पण त्या रेषेचा स्वभाव आपल्या कामाला फार उपयोगी पडतो.

एका सोसायटीच्या संमेलनात एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांचे नाक चांगलेच बाकदार होते आणि जुन्या अनुभवामुळे मी ते जरा सौम्य करू लागले. आजींनी वाकून कागदात पाहिले आणि म्हणाल्या, “पोरी, नाक का खोडतेस माझं? आहे तेवढं काढ. याचं बघ, माझ्यावरच गेलंय. शाळेत पोरं पोपट म्हणतात याला.” तेव्हा मी तो कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि दोघांची नाके समोरासमोर, एकाच वळणाची काढली. नातू बराच वेळ कधी चित्राकडे तर कधी आजीकडे बघत राहिला आणि मग त्याने स्वतःच्या नाकावरून एकदा बोट फिरवले.

आता सामानाविषयी. अर्कचित्रासाठी जरा जाड कागद आणि ब्रशपेन एवढे पुरते. पेन्सिलीने आधी आखत बसलात तर रांगेतली माणसे निघून जातात. चेहऱ्याच्या रंगांत मात्र काटकसर करू नये. पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक चेहऱ्याला कधीही लावू नयेत. डबीवर बिनविषारी असे छापलेले असले तरी ते रंग कागदासाठी असतात, त्वचेसाठी नव्हे. पाण्यात भिजवून लावायचे, सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचे रंगच घ्यावेत आणि चमकीही त्याच दर्जाची असावी, कारण हस्तकलेच्या चमकीचे कण डोळ्यांना इजा करू शकतात. वाढदिवसासारखे आधी ठरलेले काम असेल तर आदल्या दिवशी मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका लावून पाहायला पालकांना सांगावे. स्पंज प्रत्येक मुलासाठी वेगळा ठेवावा. पुरळ, जखम किंवा आलेले डोळे दिसले तर चेहरा रंगवू नये. अशा वेळी चमकी लावलेली कागदी पट्टी मनगटावर बांधून द्यावी म्हणजे मूल हिरमुसत नाही.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांचे चेहरे मी रंगवत नाही. त्याहून मोठी मुलेही थंडगार ओला ब्रश गालाला टेकताच दचकतात. अशा मुलाच्या हाती मी ब्रश देते आणि माझ्याच मनगटावर एक ठिपका काढायला सांगते. एकदा पाच वर्षांच्या एका मुलीने माझा हात कोपरापर्यंत निळा केला, रांगेतले पालक घड्याळ पाहू लागले, पण त्यानंतर ती डोळे मिटून इतकी निश्चल बसली की त्या दिवशीचे सर्वांत नेटके फुलपाखरू तिच्याच गालावर उतरले.

गणेशोत्सवात अशाच एका सोसायटीत तीन तासांत तीसेक मुले रंगवून मी डब्या पुसत होते, तेव्हा फाटकावरचे रखवालदार काका संकोचत जवळ आले. त्यांची लेक नांदेडकडे, गावी होती आणि रोज रात्री नऊ वाजता ते तिला व्हिडिओ कॉल करत. “ताई, मला वाघ करता का? उरलेल्या रंगात जमलं तर,” असे त्यांनी विचारले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्या बुटक्या स्टुलावर ताठ बसले. मी पिवळ्यावर केशरी चढवला, काळे पट्टे ओढले आणि ओठांवरची जागा रंगवायला ब्रश नेला तेव्हा त्यांनी हात आडवा धरला. “मिशी तेवढी सोडा. नाहीतर ती ओळखायची नाही.”

मी मिशी सोडली. नऊला फोन लागला. पलीकडे ती चिमुरडी पडद्याला नाक लावून बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, “बाबा, टोपी घाला ना.” काकांनी टोपी घातली, आणि रात्री अकरा वाजता मी फाटकातून बाहेर पडले तेव्हा वहीत माझी निघण्याची वेळ एका मिशाळ वाघाने लिहून घेतली.