फोर-बाय-फोरचा लिव्हर अडकला तर ओढाओढ करू नका: या चुका टाळा

चिखलाची वाट संपली, गाडी डांबरी रस्त्यावर आली आणि पार्किंगसाठी मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं. मागून कुणी धरून ठेवावं तशी गाडी अडखळली. टायर कुरकुरले. ॲक्सिलरेटर दिला की धक्का, सोडला की गाडी जागच्या जागी उभी. फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा मोड, काढायचं राहूनच गेलं होतं. लिव्हर ओढला तर जागचा हलेना. दोन्ही हात लावले, तरी तेच. ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी, गेली असंच वाटलं.

ती गेली नव्हती. स्टिअरिंग सरळ करून गाडी चार-पाच मीटर रिव्हर्स घेतली, क्लच दाबला, आणि तोच लिव्हर दोन बोटांनी टू-हायमध्ये, म्हणजे दोनच चाकांना ताकद देणाऱ्या मोडमध्ये, आला.

असं का होतं हे एकदा कळलं की बाकीच्या चुका आपोआप कमी होतात. पार्ट-टाइम फोर-बाय-फोरमध्ये, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं जोडायच्या गाडीत, ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडून टाकते. दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. समजा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) पावणेतीन मीटर आहे आणि मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतोय, तर पुढच्या ॲक्सलचा मध्य सुमारे ५.७ मीटर त्रिज्येत फिरतो. एका पूर्ण फेरीत फरक पडतो जवळजवळ साडेचार मीटरचा. चिखलात, वाळूत चाकं थोडी घसरतात आणि हा फरक जिरून जातो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, म्हणून सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो. लिव्हर अडकतो तो या पिळामुळे. जोर लावून काही होत नाही, लिव्हरला जोडलेल्या दांड्या (लिंकेज) मात्र वाकू शकतात. पीळ उतरवा: चाकं सरळ ठेवून थोडं रिव्हर्स, थोडं पुढे. नाहीच सुटला तर हळूहळू सरळ जात एका बाजूची चाकं कच्च्या मातीवर घ्या.

तुमच्या गाडीला सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, आहे का, हे मॅन्युअलमध्ये जरूर बघा. मित्सुबिशीच्या सुपर सिलेक्टसारख्या सिस्टीममध्ये ते असतं, त्यामुळे तिथे साधा फोर-हाय कोरड्या रस्त्यावरही चालतो. पार्ट-टाइमवाल्याने त्यांचं बघून तसं करू नये.

दुसरी मोठी चूक म्हणजे उशीर. मागची चाकं गरागरा फिरायला लागली की मग लोक फोर-हाय टाकतात. तेव्हा मागचा शाफ्ट जोरात फिरत असतो आणि पुढचा थांबलेला. त्या क्षणी गिअरचे दात जुळवायला गेलात तर करकर आवाज येतो आणि गिअरचं नुकसान होतं. चिखल समोर दिसला की आधीच टाका: चाकं सरळ, पाय ॲक्सिलरेटरवरून बाजूला, वेग मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत. फसलाच असाल तर चाकं पूर्ण थांबू द्या, मग टाका.

फोर-लोला, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणाऱ्या मोडला, घाई अजिबात चालत नाही. गाडी थांबवा, ब्रेक दाबून ठेवा, क्लच दाबा, ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल. काही गाड्यांना अगदी रांगण्याइतका वेग लागतो, तेही मॅन्युअलच सांगतं. आणि ही गोष्ट जीवावरची आहे: बऱ्याच गाड्यांत फोर-हाय आणि फोर-लोच्या मध्ये ट्रान्सफर केसचा स्वतःचा न्यूट्रल असतो. लिव्हर तिथे राहिला तर गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये असूनही उतारावर घरंगळते. उतारावर हँडब्रेक ओढल्याशिवाय त्या लिव्हरला हात लावू नका.

लिव्हरऐवजी बटण असलेल्या गाडीत फोर-बाय-फोरचा दिवा लुकलुकत राहिला तर बटण पुन्हापुन्हा दाबू नका. दात अजून जुळलेले नसतात. सरळ रेषेत थोडी गाडी चालवा. तरीही दिवा स्थिर झाला नाही तर फ्यूज, वायरिंगचा कनेक्टर आणि व्हॅक्यूमवर चालणारी सिस्टीम असेल तर तिच्या रबरी नळ्या तपासून घ्या. चिरलेली एक नळीसुद्धा पुरते.

पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे, हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही लॉक करा. एकच केलात तर साध्या डिफरन्शियलमधून सगळी ताकद मोकळ्या बाजूला जाते आणि पुढची चाकं गाडी ओढतच नाहीत. आपोआप लॉक होणाऱ्या जुन्या ऑटो हबच्या गाडीत टू-हाय केल्यावर एक-दोन मीटर सरळ रिव्हर्स घ्यावं लागतं, नाहीतर हब सुटत नाहीत.

लिव्हर सरळ रस्त्यावरही वारंवार अडकत असेल तर ट्रान्सफर केस उघडायला देण्याआधी टायर बघा. पुढे नवे आणि मागे झिजलेले, किंवा हवेत बराच फरक, एवढ्यानेही दोन्ही ॲक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि सरळ चालतानाही पीळ चढत राहतो. चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे आणि योग्य हवेचे करून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-हाय टाकून, काढून पाहा.