दालचिनीचा अर्क काढताना आणि घेताना या चुका टाळा

बहुतेक चूक भांडं चुलीवर चढण्याआधीच, वाण्याच्या दुकानात होते. दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक, एकाच वळणाची साल बहुधा कॅशिया असते, चीन किंवा व्हिएतनामहून आलेली. श्रीलंकेची आणि आपल्या कोकणात लावतात ती खरी दालचिनी वेगळी. तिचे कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले असतात आणि बोटांनी चुरडतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण तेज' वाण याच जातीचा.

मसाल्यात घातलेल्या तुकड्यापुरता हा फरक सोडून द्या, पण रोज पूड किंवा काढा घेणाऱ्यानं तो सोडू नये. कॅशियात कुमारिन, म्हणजे जास्त झाल्यास यकृताला अपाय करू शकणारा सुगंधी घटक, भरपूर असतं, खऱ्या दालचिनीत नाममात्र. युरोपात कुमारिनची रोजची मर्यादा दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅशियाच्या जेमतेम २ ग्रॅम पुडीत तेवढं सहज असू शकतं. यकृताचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

दुसरी चूक म्हणजे झाडाचा कुठलाही भाग सारखाच समजणं. सालीच्या तेलात मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड असतं, दालचिनीचा ओळखीचा वास त्याचाच. पानाच्या तेलात युजेनॉल, लवंगेतलाच सुगंधी घटक, म्हणूनच त्याला लवंगेचा वास येतो. मुळाच्या सालीत कापूर. साल महाग म्हणून पानाचं तेल 'दालचिनी तेल' या नावानं खपतं. बाटलीवर कुठला भाग लिहिलाय ते वाचा.

घरगुती ऊर्ध्वपातनात, म्हणजे साल पाण्यात उकळून वाफ थंड करून तेल काढताना, 'तेल आलंच नाही' अशी तक्रार असते. वर बघू नका, तळाशी बघा: हे तेल पाण्यापेक्षा जड. पाणी दुधाळ दिसत असेल तर तेल अजून त्यात विखुरलेलं आहे. थंड होऊ द्या, थांबा. लोखंडी भांडं नको, त्यानं युजेनॉल काळवंडतं. काच किंवा स्टील घ्या.

नुसता काढा उकळून तेलाचे गुण मिळतील असंही समजू नका. उघड्या भांड्यात सुगंधी घटक वाफेबरोबर उडतात, पाण्यात मुख्यतः टॅनिनसारखे तुरट घटक उतरतात. प्रयोगशाळेत तेलानं जंतू मारले म्हणून ते काढ्यालाही लागू होत नाही. दालचिनीनं रक्तातली साखर उतरते का, याबाबत माणसांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे मधुमेहाची गोळी बंद करून दालचिनीवर राहणं धोक्याचंच आहे.

आणि सालीचं तेल दुसऱ्या तेलात पातळ न करता कधीही त्वचेला लावू नका; भाजतं, काहींना कायमची ॲलर्जी जडते.