गावातल्या घरासाठी नॅस घेताना

घरचे सिनेमे-गाणी नॅसवर, म्हणजे राउटरला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर, असली की नेट रखडलं तरी टीव्हीवर चालतात. सगळा कारभार घरच्या राउटरवरच होतो. दोन डिस्कचा नॅस घ्या, डिस्क सीएमआरच (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर न चढवता लिहिणारी) मागा. दोन्हींवर तोच डेटा ठेवला तर एक बसली तरी भागतं, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते. लग्नाचे व्हिडिओ वेगळ्या डिस्कवरही ठेवाच.

आपल्याकडे खरा घोळ लाइटचा. यूपीएस घ्या आणि त्याची यूएसबी वायर नॅसला जोडा. दोघांचं जुळत असेल तर बॅटरी संपण्याआधी नॅस स्वतःच नीट बंद होतो. मे महिन्यात पारा ४५ वर गेला म्हणून नॅस कूलरसमोर ठेवू नका, दमट हवेनं आतले भाग गंजतात. भिंतीपासून चार बोटं दूर, मोकळ्या जागी बरा.