टाकीचा गिझर काढून इन्स्टंट बसवताय? या चुका टाळा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की घराघरांत हा विषय निघतो. मुंबई-पुण्याची माणसं येणार, २५ लिटरची टाकी तिघांच्या आंघोळीत संपते, मग यंदा नळ सोडताच पाणी तापवणारा इन्स्टंटच बसवू. विचार चांगला आहे. पण जुन्या खिळ्यावर नवा गिझर टांगला की झालं, असं समजू नका.

सगळ्यात जास्त चिडतो मी वायरिंगवरून. गोव्यात साखळी गावाजवळच्या एका घरात जळका वास येतो म्हणून मला बोलावलं. २ किलोवॅटचा टाकीवाला काढून त्याच प्लगवर ४.५ किलोवॅटचा इन्स्टंट लावला होता. आधीचा साधारण ९ अँपिअर खेचायचा, नवा २० च्या आसपास. सॉकेट १६ अँपिअरचं. दोन-तीन बादल्या झाल्या की एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायचा, म्हणून घरातल्याच कोणीतरी १६ चा काढून ३२ चा बसवला. पडायचा थांबला, सगळे खूश. मी सॉकेट उघडलं तर मागची बाजू काळी ठिक्कर, आणि पाइपातली तार ओढली तर प्लास्टिक मऊ होऊन आत चिकटलेलं. एमसीबी गिझरसाठी नसतो, तारेच्या रक्षणासाठी असतो. तो पडतोय म्हणजे त्याचं काम करतोय. तार न बदलता एमसीबी मोठा करणं हा शॉर्टकट नाही, घराला आग लावायची तयारी आहे.

मी ४.५ किलोवॅटला बोर्डापासून वेगळी लाइन ओढतो: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, २५ चा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा), आणि प्लग नाहीच, थेट डीपी स्विच, म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारा. अर्थिंग तपासल्याशिवाय गिझर भिंतीवर चढवत नाही. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मग अर्थिंग नीट काम करत नाही. विद्युत खात्याकडून मंजूर भारही वाढवून घ्या.

३ किलोवॅटचा गिझर २५ अंशांचं पाणी ४० वर नेतो, पण मिनिटाला तीन लिटरांहूनही कमी. बादलीला पुरे, मोठ्या शॉवरला नाही. व्होल्टेज २३० वरून २०० वर उतरलं तर उष्णता पाऊणच मिळते. नळ बारीक करा, गिझरला शिव्या देऊ नका.

गॅसचा गिझर न्हाणीच्या आत बसवू नका. ‘खिडकी आहे ना’ हे उत्तर मला देऊ नका. पावसाची झड आत येते म्हणून तीच खिडकी चार महिने बंद असते. गॅस जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आत अडकलेल्या माणसाला हाक मारायलाही वेळ मिळत नाही. गिझर बाहेरच्या भिंतीवर, वळचणीखाली, खिडकीपासून लांब बसवायचा. त्यासाठी पाइप जास्त लागला तर लागू दे.

गॅसच्या गिझरला पाण्याचा दाबही लागतो. १० मीटर उंचीवरच्या टाकीतून एक बार मिळतो. कौलारू घरामागे ठेंगण्या स्टँडवर टाकी असेल तर बर्नर पेटतच नाही, आणि लोक चांगला गिझर खराब म्हणून परत करतात. आधी टाकीची उंची मोजा, मग दुकानात जा.

गरम बाजूला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसीच लावा. विहिरीचं पाणी तांबूस येत असेल तर इनलेटची जाळी दर महिन्याला काढून धुवा.